घरचे बाहेर आहेत

भट्टीची मागची भिंत पडली तेव्हा गिरजाबाई मोबाईल हातात धरून भट्टीसमोर उभी होती आणि दुबईला गेलेल्या घरच्यांना आग दाखवत होती. सकाळचे साडेनऊ झाले असतील. मोबाईलमधून तिचा पुतण्या निलेश ओरडत होता, "मोठी आई, दिसून नाई राह्यलं. जवळ घे नं जरा!" ती एक पाऊल पुढे गेली. तो म्हणाला, "अजून." ती अजून एक पाऊल पुढे गेली.

भट्टीवाला डोमाजी मागच्या बाजूला उकिडवा बसून भिंतीच्या भेगेत माती भरत होता. मी दहा-बारा पावलांवर भिजलेलं धान पसरवत होते. आवाज फार मोठा झाला नाही. खांद्यावरचं पोतं कोणी खाली टाकावं, तेवढाच. विटा मागे बसल्या, भट्टीवरची वाळूची कढई तिकडे कलंडली आणि दोन पोती लालबुंद तापलेली वाळू डोमाजी बसला होता तिथे गेली. त्या धक्क्याने आतला पेटता भुसा पुढच्या तोंडातून उडाला, तो गिरजाबाईच्या अंगावर.

मी ओली पोती घेऊन धावले. मोबाईल जमिनीवर पडला होता आणि निलेशचं बोलणं चालूच होतं. "मोठी आई, आता तं काईच दिसून नाई राह्यलं."

ही पोह्यांची गिरणी वडशाला, रेल्वे फाटकाच्या पलीकडे. मी तिथे बावीस वर्षं काम केलं. गिरजाबाईला तोंडावर मी "बाई" आणि "तुमी" म्हणत होते, इथे "ती" लिहिते. आता मी तिच्याकडे कामाला नाही. आणि खरं पाहिलं तर मालकीण ती कधी नव्हतीच. गिरणी तिच्या धाकट्या दिराची, शंकरभाऊची. ही मोठ्या भावाची विधवा. मूलबाळ नाही. घरात तिला सगळे मोठी आई म्हणत आणि सगळ्यात शेवटी जेवायला वाढत.

पोहे करणं ऐकायला सोपं आहे. धान कोमट पाण्यात भिजवायचं, निथळायचं, भट्टीवरच्या गरम वाळूत भाजायचं आणि गरम आहे तोवर लोखंडी चाकाखाली चेपायचं. पण धान जास्त भिजलं तर लगदा होतो, कमी भिजलं तर चुरा. ते गिरजाबाई ठरवायची. हौदात हात घालून एक दाणा उचलायची, पुढच्या दातांनी हलकेच चावायची आणि कोणी कानात काही सांगत असल्यासारखी थांबायची. मग म्हणायची, "अजून एक घंटा," नाहीतर "काढा." शंकरभाऊने नागपूरहून धानाची ओल मोजायचं यंत्र आणलं होतं. ते टेबलाच्या खणात पडून असायचं. वय झाल्यावर तिचे पुढचे दोन दात पडले. मग ती बाजूच्या दाताने चावायला लागली आणि त्या आठवड्यात पोहे जरा बिघडले. मी म्हटलं, "बाई, माल बिघडून राह्यला." ती म्हणाली, "दात नवा हाय वो कामावर. शिकल."

अशी बोलायची, पण फक्त घरचे बाहेर असले की. घरचे घरी असताना तिचा आवाज मी महिना महिना ऐकला नाही. पदर कपाळापर्यंत, चहा स्टीलच्या ग्लासात, बसायला पालथं घमेलं. शंकरभाऊ समोरून आला की उठून उभी राहायची, धाकटा दीर असून. तीच बाई घरच्यांची गाडी फाटकाच्या पलीकडे गेली की कमरेला किल्ल्यांचा जुडगा खोचून ऑफिसात शिरायची. शंकरभाऊच्या फिरत्या खुर्चीवर मांडी घालून बसायची. त्याच्या कपात चहा मागवायची. आणि डोमाजीला हाक मारायची, "डोमा, घोट गा एक."

म्हणजे खर्रा. तंबाखू, सुपारी, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घासायचा. आमच्याकडे बायकाही खातात, पण मोठ्या घरची विधवा बाई खात नाही. ती खायची, डोमाजीच्या पन्नीतून, आणि थुंकायला मागच्या बाभळीखाली जायची. घरचे परत यायच्या आदल्या दिवशी राखेने दात घासून घासून हिरड्यांतून रक्त काढायची. मी एकदा म्हटलं, "कायले एवढं? खाल्ला तं खाल्ला." तिने मला वर-खाली पाहिलं. "तुले नवरा हाय," एवढंच म्हणाली. माझा नवरा काय कामाचा होता ते तिला चांगलं माहीत होतं.

त्या घरात एक नेम होता. घरचं माणूस यात्रेला गेलं की ते परत येईपर्यंत भट्टी विझू द्यायची नाही. इकडे बऱ्याच घरांत यात्रेकरू परत येईपर्यंत देवाजवळ दिवा ठेवतात. त्या घरात दिव्याच्या जागी भट्टी होती, सासऱ्याच्या बापापासून. निघायच्या दिवशी जाणाऱ्या प्रत्येकाने भट्टीत एक मूठ भुसा टाकायचा आणि मग गाडीत बसायचं. आल्यावर पाणी प्यायच्या आधी आगीचं तोंड पाहायचं. एरवी आठवड्यातून एक दिवस भट्टी थंड करत. राख काढायची, आतून लिंपायचं, विटा ठोकून पाहायच्या. घरचे बाहेर असले की ते सगळं बंद. संध्याकाळी आगीवर भुसा दाबून ठेवला की तो आत धुमसत राहतो, सकाळी फुंकला की पेटतो. असं चालायचं.

मी कामाला लागले तेव्हा घरचे वर्षातून एकदा जायचे, काशी नाहीतर रामेश्वर. पंधरा दिवस भट्टी चालली तर भट्टीला काही होत नाही. पुढे पैसा आला, निलेशचं लग्न झालं, आणि देवांच्या मागोमाग बाकीची गावं आली. गोव्याला निघताना शंकरभाऊची बायको मालताबाई डोक्यावर गोल टोपी घालून मूठ टाकायला आली. डोमाजीने विचारलं, "गोव्याले कोणता देव हाय, बाई?" मालताबाईला हसू आलं नाही. गिरजाबाईने तोंडाला पदर लावला, हसली, आणि मग त्याच्यावरच ओरडली, "माणूस घराबाहेर हाय नं? मंग झालं! भट्टीले काय समजते, देवाले गेले का समुद्राले!"

डोमाजी भट्टीला म्हातारी म्हणायचा. वैनगंगेच्या पलीकडच्या गावचा, किडमिडा माणूस. तीस वर्षं आगीकडे पाहून एक डोळा अर्धा मिटलेला. तो मला म्हणाला, "म्हातारीले कायी समजत नाई, पण म्हातारी थकून राह्यली."

गिरजाबाईला कामातलं किती कळत होतं, याची एक गोष्ट सांगते. घरचे वैष्णोदेवीला गेले असताना एक व्यापारी ट्रकभर धान घेऊन आला. तिने तीन पोत्यांतला एकेक दाणा चावला. "नवं-जुनं एक केलंस. हे संगंसंगं भिजत नाई. ने वापस." व्यापाऱ्याने थेट शंकरभाऊला फोन लावला आणि मोबाईल तिच्या हातात दिला. पलीकडून शंकरभाऊ काय बोलत होता ते आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं. माल उतरवून घ्या, माझं बोलणं झालं आहे. गिरजाबाई म्हणाली, "भाऊजी, आवाज नाई येऊन राह्यला. पहाडात हा तुमी." आणि फोन बंद करून व्यापाऱ्याला परत दिला. ट्रक परत गेला. शंकरभाऊ आल्यावर तिला काही बोलला असेल तर ते घरात. आमच्यासमोर ती पुन्हा घमेल्यावर बसली होती.

एकदा तिलाही नेलं होतं. कोणी म्हणेल तिला कधीच नेलं नाही, तर तसं नाही. रामेश्वरची बस ठरली होती आणि एक जागा रिकामी होती. मालताबाईने सांगितलं, "चला मोठ्या बाई, तुमचंही होऊन जाईल." हिने पत्र्याची पेटी भरली, नवी साडी नेसली, भट्टीत मूठ टाकली. आम्ही सगळ्या बायका पाहायला उभ्या होतो. बस गेली. दुपारी दोनला ती गिरणीच्या दारात पेटी घेऊन उभी. बस ब्रह्मपुरीला चहाला थांबली तेव्हा ही उतरली, एस.टी. स्टँड विचारत गेली आणि परतीच्या गाडीत बसली. घरच्यांना म्हणे पुढच्या गावी पोचल्यावर कळलं.

डोमाजी म्हणाला, "काऊन आली, बाई? समुद्र नाई पाह्यचा होता का?"

"तू झोपशीन," ती म्हणाली. "मले ठाऊक हाय तू जेवून झोपते."

नवी साडी घालूनच ती भट्टीजवळ बसली आणि आधी आत वाकून पाहिलं. आम्ही खूप हसलो. मीही हसले. तेव्हा मला कारण माहीत नव्हतं.

कारण तिने मला पुढे दोन-तीन वर्षांनी सांगितलं, दुपारी पोहे चाळताना, चाळणी न थांबवता. तिचा नवरा पचमढीला महादेवाच्या यात्रेला गेला होता. ती सव्वीस वर्षांची. सासू म्हणाली, भट्टीवर तू बस. त्या दिवसांत इतका पाऊस झाला की मागच्या नाल्याचं पाणी गिरणीत शिरलं. रात्रंदिवस तिने भट्टीच्या तोंडाशी मातीचा बांध घातला, पाणी उपसलं, पण आग गेली. दुसऱ्या दिवशी परत पेटवली आणि कोणाला सांगितलं नाही. पाचव्या दिवशी निरोप आला. डोंगर उतरताना नवऱ्याचा पाय घसरला होता. सासूने भट्टीच्या तळातून राख ओढली, ती ओली निघाली. सासू रडायच्या आधी म्हणाली, "विझवली का वं तू?"

"मंग मी हाव म्हटलं," गिरजाबाई म्हणाली. "काय म्हणन? विझली तं होतीच."

मी म्हटलं, "बाई, पाय पावसानं घसरला. तिकडेही पाऊस होता, इकडेही पाऊस होता."

"तुमच्यात नाई असत हे. तुमचं बरं हाय."

आम्ही बौद्ध. माझ्या सासऱ्याने देव नदीत सोडले, तेव्हापासून आमच्या घरात कोणी बाहेरगावी गेलं की आम्ही बस चुकू नये एवढीच काळजी करतो. पण तिच्याशी वाद घालून उपयोग नव्हता. त्या घरात एवढ्या वर्षांत तिला कोणी उघड बोललं नाही. बोलायची गरज नव्हती. भट्टीवर तिलाच ठेवायचे, तेवढं पुरे होतं. आणि ती बसायची. मला तेव्हा तिची कीव आली. आज ती मला पूर्ण येत नाही.

भेग पहिल्यांदा डोमाजीला दिसली ती घरचे दुबईला जायच्या पंधरा दिवस आधी. मागच्या भिंतीत खालून वर, बोट जाईल एवढी. त्या वर्षात घरचे चार वेळा बाहेर गेले होते आणि मधल्या दिवसांतही मालाच्या घाईत भट्टी नीट थंड अशी झालीच नव्हती. डोमाजीने शंकरभाऊला सांगितलं. शंकरभाऊ म्हणाला, येऊन पाहतो. तो आला नाही, बॅगा आणायला नागपूरला गेला. मग सहा जणांनी सहा मुठी भुसा टाकला. शंकरभाऊ, मालताबाई, निलेश, त्याची बायको आणि त्यांच्या दोन मुली. धाकटीचा हात आगीपर्यंत पोचेना, तिला गिरजाबाईने उचलून धरलं. फोटो काढले. गेले.

तिसऱ्या दिवशी भेगेत तीन बोटं जात होती आणि भिंतीला पोट आलं होतं. डोमाजीने मिस्त्री बोलावला. मिस्त्रीने विटेवर हात ठेवला आणि लगेच काढला. "हे आजच विझवा," तो म्हणाला. "दोन दिवस थंडी होऊ द्या, दोन दिवसांत भिंत उभी करून देतो. चालू भट्टीले मी हात लावत नाई."

गिरजाबाईने विचारलं, "शुक्करवारपर्यंत टिकल का?"

"शुक्करवारी काय हाय?"

"घरचे येतेत."

मिस्त्री तिच्याकडे पाहत राहिला. मग माझ्याकडे.  तो सायकल घेऊन निघून गेला.

तिने शंकरभाऊला फोन लावला, मी समोर होते. स्पीकरवर टाकला होता, कारण तिला कानाला लावून ऐकू येत नसे. तिने सगळं नीट सांगितलं. भिंत, पोट, मिस्त्री. शंकरभाऊ ऐकत होता. मागे पाण्याचा आवाज आणि मुलींचं ओरडणं. मग म्हणाला, "तुमी तिथी हा, मी इथी हो. तुमाले जसं बरं वाटल तसं करा. फक्त आमी सहा जणं बाहेर आहो, विमानानं येनं हाय, एवढं ध्यानात ठेवा."

विझवू नका असं तो म्हणाला नाही. पुढे पोलिसांनी विचारलं तेव्हाही त्याने हेच सांगितलं, मी असं कुठं म्हटलं? खरं आहे, नाही म्हटलं. फोन बंद करणं गिरजाबाईला येत होतं. ट्रकच्या वेळी मी पाहिलं होतं. या वेळी ती "हो भाऊजी, हो भाऊजी" म्हणत राहिली आणि त्यानेच फोन ठेवला.

मी म्हटलं, "बाई, देवाजवळ दिवा लावा. तूप मी आनते, माझ्या पैशानं. भट्टी विझवा."

"दिवा वेगळा, भट्टी वेगळी."

"त्या मागं डोमाजी बसते."

"त्याले म्हनते मी, तिकडे नको बसू."

"मंग लिंपल कोन?"

तिने खणातून पन्नी काढली, पण खर्रा संपला होता. रिकामी पन्नी तिने घडी करून परत ठेवली.

आता मला एक गोष्ट लिहायची आहे, ती मी पोलिसांना सांगितली नाही. आदल्या दिवशी दुपारी गिरजाबाई ऑफिसात खुर्चीवरच झोपली होती. कधी नाही ती झोपली होती, तोंड उघडं. डोमाजी माझ्याकडे आला. म्हणाला, "पंचफुलाबाई, विझवू का? बाई झोपली हाय तवर. खालचा भुसा ओढून घेतो, राख टाकतो. दोन घंट्यात काम होते. उठल तं म्हनन, आपोआपच गेली."

मी म्हटलं, "नको. दोघांलेही कामावरून काढतीन."

तो म्हणाला, "तेही हाय." आणि माती कालवायला गेला.

डोमाजीला जेवढं कळत होतं तेवढं त्या गिरणीत कोणाला कळत नव्हतं, आणि त्याने मला विचारलं. मी चौथी शिकलेली, तो अंगठेबहाद्दर. शिकलेल्या बाईला विचारलं म्हणून मी उत्तर दिलं. गिरजाबाईवर मी रागावते तेव्हा हे मला आठवतं. तरी राग कमी होत नाही. कोणी म्हणेल दोन्ही एकदम कसं होतं. होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोमाजी मजेत होता. बुधवार होता, शुक्रवार दोन दिवसांवर आला होता. मातीत भुसा आणि गुळाचं पाणी घालून त्याने घट्ट गोळा केला होता. "म्हातारीले आज पावडर लावून देतो," म्हणाला. गिरजाबाई हौदापाशी दाणा चावत होती. ती म्हणाली, "लाव. पण लौकर ऊठ तिथून." तो मागे गेला.

फोन रोजच यायचा. दुबईला गेल्यापासून निलेशला तो एक खेळच सापडला होता. रोज सकाळी तो मोबाईलवर आग पाहायचा, पोरींना दाखवायचा, "पहा, मोठी आई आपली राखण करून राह्यली." गंमतच करत होता. नेमावर त्याचा विश्वास होता असं मला वाटत नाही. त्याच्या बायकोचा तर नव्हताच, तिने मूठ टाकल्यावर हात रुमालाने पुसले होते. तिकडच्या सहा जणांत शंकरभाऊ सोडला तर ते कोणी मानत नव्हतं. इकडे भट्टीपाशी आम्ही तिघं होतो, त्यात मानणारी एकच. पण फोन आला की गिरजाबाई पदर सारखा करायची, मोबाईल दोन्ही हातांनी धरायची आणि भट्टीसमोर जाऊन उभी राहायची. तिच्या तोंडावर तेव्हा जे असायचं ते मी इतर वेळी पाहिलं नाही. परीक्षेत पहिल्या आलेल्या पोरीसारखी दिसायची.

त्या दिवशीही तशीच उभी होती.

आधी तिला गडचिरोलीला नेलं, तिथून नागपूरला. मी अंगावर ओली पोती टाकली म्हणून तोंड वाचलं, असं डॉक्टर म्हणाले. दोन्ही हात, छाती आणि डावी बाजू गेली होती. तिच्या भावाला मूल गावाहून यायला वेळ लागला, म्हणून मीच तिच्याजवळ राहिले. पहिले दोन दिवस तिने एकच विचारलं. "घरचे?" मी म्हणायची, "येऊन राह्यले." ती डोळे मिटायची आणि ओठ हलवत राहायची. मला वाटलं देवाचं नाव घेते. जवळ जाऊन ऐकलं तर सहा जणांची नावं घेत होती, एकामागून एक, आणि संपली की परत पहिल्यापासून.

शुक्रवारी घरचे विमानतळावरून सरळ दवाखान्यात आले. बॅगांना कागदी पट्ट्या लोंबत होत्या. मालताबाई रडत होती. रंग सगळ्यांचा रापला होता. धाकट्या पोरीच्या हातात उंटाचं खेळणं होतं, तिला दारातच थांबवलं तर ती आत डोकावून म्हणाली, "मोठी आई!" निलेश म्हणाला, "मोठी आई, तू टेन्शन नको घेऊ. नवी भट्टी बांधू, गॅसवाली." शंकरभाऊ खाटेच्या पायथ्याशी उभा होता.  ती एकेकाकडे पाहत गेली. तोंड पाहायची, मग पाय, मग दुसऱ्याचं तोंड. दारातल्या पोरींपर्यंत पोचली.

"सारे?" तिने मला विचारलं.

"सारे," मी म्हटलं. "सहाही."

थोड्या वेळाने ते चहा प्यायला खाली गेले. ती छताकडे पाहत होती. मग म्हणाली, "पंचफुला, आग कवा गेली?"

"त्याच घंट्यात. अग्निशामकची गाडी आली, पाणी मारलं."

"मंग पेटवली कोनी?"

"कोनी नाई. तिथी कोनी नाई पेटवाले."

"आज शुक्करवार हाय?"

"हाव."

 तिच्या डोक्यात काय चाललं होतं ते मला तिच्या डोळ्यांवरून कळत होतं, कारण ते फार मोठं काही नव्हतं, दोन दिवसांचं गणित होतं. शेवटी म्हणाली, "मंग पचमढीले..." आणि थांबली. मी ते पुरं केलं नाही. चाळीस वर्षांत ते तिला कोणी सांगायला हवं होतं. मी सांगितलं होतं एकदा, चाळणी हलवत, नीट सांगितलं नव्हतं.

मग तिने विचारलं, "डोमा?"

भावाने मला फोनवर बजावलं होतं की सांगू नका. मी सांगितलं. तिने मान भिंतीकडे वळवली. भाऊ आला तेव्हाही ती तशीच होती. मी पिशवी उचलली आणि वडशाची गाडी पकडली. तिला मी पाहिलं ते तेवढंच शेवटचं, तोंड भिंतीकडे, केसांत अजून राख होती, ती कोणी धुतली नव्हती.

महिन्याभराने भाऊ तिला मूलला घेऊन गेला. गिरणी चार महिन्यांनी परत सुरू झाली. मला बोलावणं आलं होतं, मी गेले नाही. डोमाजीच्या बायकोला शंकरभाऊने घरकामाला ठेवलं आहे आणि लोक त्याला त्याबद्दल चांगलं म्हणतात.

त्या सकाळी भट्टीपाशी आम्ही तिघं होतो. डोमाजी वाळूखाली मेला. गिरजाबाई जगली आणि मी जगले.